भोंगा माझ्याकडे आला

"हिले पाण्याचं पिप उचलता येत नाही, हिले पळता येत नाही. मंग हिले माइकवर बसवा," ट्रॅक्टरवाले काका ग्रामपंचायतीच्या खोलीत सांगत होते. मी दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"पन ते बोलते कुठी?" कुणीतरी विचारलं.

"बोलंन. येवढी शिकली, तं येवढं बोलंनच."

मी आत गेले. मी प्रत्येकाला चहा दिला, आणि नाही म्हणायचं राहून गेलं. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच झाले आहेत.

आग विझवणारी गाडी आमच्याकडे तालुक्याहून येते. ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, म्हणून गावाने आपलीच एक टोळी केली होती. काकांचा ट्रॅक्टर आणि त्याला जोडलेला पाण्याचा टँकर, पाठीवर फवारणीचे पंप घेणारी पोरं, ओली पोती घेऊन धावणाऱ्या बाया. त्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुपही होता. पण त्यावर सकाळी फुलं यायची आणि दुपारी लोकांचे फोन डब्याच्या पिशवीत, शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेले असायचे. खरी भिस्त भोंग्यावर. त्याचा माइक ग्रामपंचायतीत, आमचं घर तिला लागून, आणि भरदुपारी गावात असणारं धडधाकट माणूस मी एकटीच. मी घरी बसून परीक्षांचा अभ्यास करत होते. म्हणजे निदान घरी बसत होते.

इंग्रजी शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, म्हणून मी तिथे गप्प बसायला शिकले. गावात इंग्रजी वळणाचं मराठी बोललं की पोरी हसायच्या, म्हणून इथेही गप्प बसले. अस्सल वऱ्हाडीत मी फक्त आईशी आणि मांजरीशी बोलते, आणि मांजर जास्त ऐकून घेते. अशा मुलीच्या हातात गावाने भोंगा दिला.

तालीम झाली त्या दिवशी शेताच्या कडेला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवला होता. मी माइक हातात घेतला, त्यावर फुंकर मारली आणि "हॅलो" म्हटलं. पुढचं काही सुचेना. लोक तरीही आले, कारण धूर दिसत होता आणि तालीम आहे हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी शाबासकी दिली. आता पुन्हा असं होऊ नये म्हणून मी घरी एक मजकूर तयार केला. भोंग्यावरून आजवर ज्या सूचना ऐकल्या होत्या, त्यांच्याच थाटात, एकही शब्द गावंढळ नाही असा. कपाटाच्या आरशासमोर तो पाठ केला. आरशाला तो चांगला वाटला.

दिवाळीच्या आधी, सोयाबीन कापून शेतात रचून ठेवलेलं असतं त्या दिवसांत, एका दुपारी आमच्या दारात खाला आल्या. खाला म्हणजे बांगडीवाल्या मामूंच्या घरच्या. मामू पूर्वी सायकलवरून बांगड्या विकायचे. आता ओढ्यापलीकडे शेती करतात, पण गावासाठी ते बांगडीवालेच राहिले. खालांच्या पायात चप्पल नव्हती, आणि धुरात ओरडून ओरडून आवाज पार बसला होता. त्यांनी हातानेच ओढ्याकडे दाखवलं आणि बाकीचं कसंबसं कुजबुजत सांगितलं. वर्षभराचं सोयाबीन एका सुडीत, म्हणजे मोठ्या गंजीत, रचलेलं होतं, मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी येणार होतं, आणि ती सुडी एका बाजूने पेटली होती. शेजारी गोठ्यात म्हैस बांधलेली. मामू एकटे बादलीने पाणी मारत होते.

आम्ही दोघी ग्रामपंचायतीत धावलो. मी बटण दाबलं आणि, मला अजूनही स्वतःचं आश्चर्य वाटतं, एकदाही न अडखळता बोलले, "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, ओढ्यापलीकडील शिवारात आगीची घटना घडली असून, संबंधित स्वयंसेवकांनी तात्काळ उपस्थित राहावे."

इतकं छान जमलं म्हणून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

बाहेर काहीही झालं नाही. पारावरचे दोन म्हातारे जागचे हलले नाहीत. काका रोज त्या वेळी जेवायला बसलेले असतात; त्यांनी, नंतर कळलं, तेवढ्यात आणखी भात वाढून घेतला. आमच्या गावात "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते" याचा अर्थ असा की भरपूर वेळ आहे. घरपट्टी, लसीकरण, रेशन, हरवलेली शेळी, सगळं याच वाक्याने सुरू होतं. कळविण्यात येते म्हटलं की लोक हातातलं काम संपवतात, आणि सूचना पुन्हा होईल तेव्हा कान देतात. मी स्वतः तेच करत आले होते. शिवाय आग कुणाची हे मी सांगितलंच नव्हतं. मोठ्या माणसाचा उल्लेख गावाने पाडलेल्या नावाने करायचा, तोही भोंग्यावरून, हे मला फार असभ्य वाटलं होतं.

खाला टेबलाची कड धरून माझ्याकडे बघत होत्या. बंद पडलेल्या एसटीकडे माणूस बघतो तसं बघत होत्या.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. हातात आधार कार्ड. त्यांनी विचारलं, "शिबिर कायचं हाय वो बाई? फोटोबी लागते का?"

पुढे काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे मी काही पराक्रम केला असं कुणाला वाटायला नको. टँकर वेळेत पोहोचला. पोरांनी पंपांनी कड भिजवली आणि न पेटलेला भाग ओढून वेगळा केला. अर्ध्याहून थोडी अधिक सुडी वाचली. म्हैस तर आधीच दावं तोडून ओढ्यात जाऊन बसली होती, तिला कुठलीही सूचना लागली नाही. मी स्वतः एक थेंबही पाणी टाकलं नाही. पारावरचे म्हातारे माझा आवाज आता लांबूनही ओळखतात, आणि मी दुकानात गेले की मुद्दाम कान झाकून घेतात.

पण त्या वेळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. दारात आधार कार्ड होतं, खिडकीतून दिसणारा धूर पांढऱ्याचा काळा होत होता, आणि पाठ केलेल्या मजकुरात पुढे फक्त "आपले सहकार्य अपेक्षित आहे" एवढंच उरलं होतं. मी माइक तोंडाजवळ ओढला. निघालेला आवाज माझ्या आईचा असावा असं मला वाटलं, पण आई तर शेतात होती.

"बांगडीवाल्या मामूच्या सुडीले आग लागली वो. काका, ताट सोडा अन् टँकर काढा. पंपवाले पोट्टेहो, वढ्याकडे पळा. शिबिर-गिबिर काही नाही, मामू तिकडे एकटेच हायेत."