थंड हॉलमधली हलगी

हलगीवर टिपरू मारलं तर पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. विद्यापीठाचा तो हॉल एसीने गार पडला होता आणि आमची पाळी अर्ध्या तासावर आली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हलगी म्हणजे लोखंडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. गारवा लागला की ते ढिलं पडतं. हलगी उतरली, असं आम्ही म्हणतो. मग चार काटक्या पेटवून तिला शेकायचं, की चढते. शाळा माझी चौथीपर्यंत. पण आंबेगाव-जुन्नरच्या घाटांत, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, माझ्याशिवाय बारी, म्हणजे गाड्याची धाव, सुटत नाही, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो.

मला तिथे नेलं आमच्या शिनोलीच्या सारिकाने. ती हलगीवर पीएच.डी. करते. तिचं म्हणणं, बैल घाटात आणताना हलगीची चाल वेगळी, जुंपताना वेगळी, बारी सुटताना वेगळी. तिच्या गाईड मॅडमना ते पटत नव्हतं. सेमिनारमध्ये ऐकवून दाखव, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढ, असं त्यांनी बजावलं होतं. त्या प्रकरणापायी पोरगी दोन वर्षं घाट-घाट हिंडली होती.

मी बाहेर येऊन पालापाचोळा गोळा केला आणि काडी ओढली. सिक्युरिटीवाला धावत आला.

"बाबा, कॅम्पसमध्ये आग लावायची नाही."

"आग न्हाई, शेक हाय."

त्याने पाल्यावर बूट ठेवला. विषय संपला.

मागून सारिका आली. "नाना, तशीच वाजवा. एवढं कुणाला कळतंय?"

"ढिल्या कातड्यावर तिन्ही चाली सारख्याच वाटत्यात. मंग मॅडमचंच खरं व्हईल. मी न्हाई वाजवणार."

"तुमी लई हट्टी हाय."

"हाय."

ती तोंड फिरवून आत गेली. डोळे पुसत होती. मी पाहिलं नाही असं केलं.

विद्यापीठात झाडं लई. जिकडंतिकडं सावली. उन्हात एकच काळी गाडी उभी होती, पायऱ्यांसमोर. बॉनेटवर हात ठेवला, चांगलं तापलं होतं. हलगी पालथी घातली.

"ओ बाबा, प्रमुख पाहुण्यांची गाडी हाय ती. ओरखडा उठंल." ड्रायव्हर खाली उतरला.

"कातड्यानं कुठं ओरखडा उठतो व्हय?"

"गाव कंचं तुमचं?"

"शिनोली. घाटात वाजवतो."

"मी पेठचा, तुमच्याच तालुक्यातला," असं म्हणून तो आत बसला आणि त्याने इंजिन चालू केलं. "एवढी सेवा मी सायबाची पण करीत न्हाई."

मी बॉनेटवर कोपर टेकून डोळे मिटले. खालून इंजिनची घरघर. लांब कुठल्या तरी इमारतीत पोरी गाण्याची तालीम करत होत्या, तेच कडवं पुन्हापुन्हा. ऊन पाठीवर घोंगडीसारखं पडलं होतं. हळूहळू गाणं विरलं, घरघर विरली. घाटाची माती दिसायला लागली, उडत नव्हती, नुसती हवेत थांबली होती. त्यातून पांढरे बैल येत होते, पाय न वाजवता. किती वेळ गेला सांगता येत नाही. बोट आपोआप हलगीला लागलं आणि ती खणकली.

आत नेली असती तर पुन्हा उतरली असती. मी सारिकाला निरोप धाडला, माणसं बाहेर आण. तिने कुणाला काय सांगितलं ठाऊक नाही. पण चहाचे कप घेऊन सगळे पायऱ्यांवर आले. पुढे मॅडम.

पहिली चाल वाजवली. दुसरी वाजवली. मॅडमच्या कपाळावरची आठी तशीच. मग मी तिसरी धरली.

ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध उभा होता, शेजारी खाली उतरलेला एक प्राध्यापक. हलगी बदलली तसा तो पटकन उडी मारून कडेला झाला आणि शेजारच्या प्राध्यापकालाही त्याने दंडाला धरून मागं ओढलं.

मी थांबलो. मॅडमनी त्याला विचारलं, "तुम्ही बाजूला का झालात?"

तो गोंधळला. रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळाच होता.

"बारी सुटली ना, मॅडम," तो म्हणाला.

मॅडमनी सारिकाकडे पाहिलं आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते प्रकरण प्रबंधात राहिलं.

हलगीवाल्याला बोलवायचं असेल तर आधी ऊन कुठं पडतं ते बघावं, पत्रिका मागून छापावी.