डाव्या हाताचं बटण
सोल्डरिंगच्या राळेचा धूर नाकात गेला की मला सीताबर्डीतली मे महिन्यातली एक दुपार आठवते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या सरांचा उजवा हात लकव्याने गेला होता आणि त्यांचा जुना सिंथेसायझर वर्षभर चादरीखाली पडून होता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने त्याच्या पोटात मिडीचं सर्किट बसवलं, म्हणजे मी माझ्या नव्या कीबोर्डवर पट्टी दाबली की केबलमधून तो जुना वाजणार. कूलरच्या वाळ्याचा ओला वास त्या धुरात मिसळला होता. मी पट्टी दाबली. जुन्याची एकही पट्टी हलली नाही, पण त्याचा तो जाड, जरासा थरथरणारा आवाज खोलीभर पसरला. सरांकडे बघून मी थांबले. "काहून थांबली वं? वाजव," ते म्हणाले, आणि आवाज उजळ-मंद करणारं गोल बटण डाव्या हाताने हळूहळू फिरवू लागले. मग मेकॅनिककडे न बघताच म्हणाले, "मले वाटलं होतं, आपलं वाजवणं संपलं." ते वाजवणं मी कीबोर्डच्या फ्लॉपीवर साठवलं होतं. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा फ्लॉपी लावली, सरांच्या जुन्या सिंथेसायझरला केबल जोडली. माझी प्रत्येक पट्टी, एक चूकसुद्धा, जशीच्या तशी वाजली, पण आवाज एकदाही उजळ-मंद झाला नाही. कीबोर्डला फक्त पट्ट्या कळत होत्या. ते बटण फिरल्याचं त्याला कधी कळलंच नव्हतं. मी बटणाकडे हात नेला, उजवा. मग तो मागे घेऊन डावा पुढे केला.