ओल्या रंगावरचं पाऊल

घर काकांच्या वाटणीला गेलं, तेव्हा वडील आईला आणि मला घेऊन पाचूबंदरला आमच्या बोटीवरच राहायला आले. बोट जुनी होती. रोज सकाळी तळाशी साचलेलं पाणी उपसायचं, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा, वर लांबीचा लगदा भरून फटी बुजवायच्या. हेच आमचं घरकाम झालं.

त्या दिवशी आई तापाने फणफणली होती. वडिलांनी पहाटेच बोटीला रंग दिला होता आणि तो सुकेपर्यंत आम्हा दोघींना धक्क्यावर बसवलं होतं. ऊन चढलं तशी तिला घेरी येऊ लागली. केबिनच्या सावलीत पडावं म्हणून ती बोटीत उतरली आणि ओल्या रंगावर तिचं पाऊल उमटलं.

वडिलांनी तिच्यासमोर रॉकेलची चिंधी आणि ब्रश ठेवला. मी ब्रश उचलायला गेले, तर मला बाजूला सारून म्हणाले, "जिचा पाय, तिचाच हात."

ती गुडघ्यांवर बसली. रंग पुसला, नवा लावला. रॉकेलच्या वासाने मध्येच तिला उलटी झाली. वडील शेजारी उभे राहून बोटाने दाखवत होते, "इथं र्‍हायलं."

काम संपल्यावर तिने चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल, वटारला मावशीकडे जाऊ."

आम्ही बरंच पुढे गेलो, तेव्हा मागून त्यांची हाक आली, "उद्या पानी कोन उपसनार?"

आई पुन्हा बोटीवर गेली नाही. वडील अजून तिथेच राहतात. बोट छान ठेवलीय, असं लोक कौतुकाने सांगतात.