नऊ कपडे आणि भिंगबाई

भिंगबाईंचा कशावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नव्हता, डॉक्टरच्या गोळ्यांवर नव्हता आणि भिंतीवरच्या घड्याळावर तर मुळीच नव्हता. ते पाच मिनिटं पुढे आहे असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या, आणि कोणी ते बरोबर करायला उठलं की "कशाला हात लावतोस?" म्हणून त्याच्याकडेच रोखून बघायच्या.

त्यांचा तरी काय दोष? परदेशात कपडे पाठवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं त्या तपासनीस होत्या. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, शिवणी ताणायच्या, बटणं ओढायची, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग डोळ्याला लावून टाके मोजायचे आणि दोष सापडला की माल बाजूला. एकतीस वर्षं ज्या माणसाला खोट शोधण्याचाच पगार मिळाला, त्याने घरी येऊन जगाकडे कौतुकाने बघावं ही अपेक्षाच चुकीची. कारखान्यातल्या बायकांनी त्यांना भिंगबाई हे नाव ठेवलं. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा भिंगही घरी आलं आणि नावही.

त्यातून जावयाच्या बाबतीत त्यांची शंका खरी निघाली. लग्नाच्या बोलणीतच त्या म्हणाल्या होत्या, "हा मुलगा फार गोड बोलतो." आठ वर्षांनी लेक एक बॅग घेऊन माहेरी परत आली, तेव्हा भिंगबाई तिच्यासाठी रडल्या, अगदी मनापासून रडल्या. पण डोळे पुसता पुसता "मी तेव्हाच म्हटलं होतं" हे वाक्य काही त्यांना गिळता आलं नाही. लेकीनेही ते ऐकून घेतलं. लहानपणापासून तिला ऐकून घ्यायची सवयच होती. शाळेत जाताना आई म्हणायची, "वळ." मग ती वळायची, आणि मागून रिबीन वाकडी, कॉलर चुरगळलेली, मोजा उतरलेला, काहीतरी निघायचंच.

त्या बॅगेत होते दोन गाऊन, तीन विटके टॉप आणि एक जीन्स. लेक गेली काही वर्षं घरी बसून टायपिंगची कामं करत होती, तेव्हा घरात तिला बघणारं होतंच कोण? आता एका कंपनीच्या कार्यालयात नोकरी लागली. ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या आणि नोंदवायच्या. यासाठी लेकीपेक्षा जास्त अनुभव असलेलं माणूस मिळालं नसतं, हे मी म्हणतोय, भिंगबाई नाही. पहिले तीन महिने पारखून बघणार आणि मग कायम करणार किंवा घरी पाठवणार. मुलाखत घेणाऱ्या विभागप्रमुख बाईंनी लेकीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं होतं आणि जाता जाता सांगितलं होतं, "इथे लोक समोर येतात. जरा नीटनेटकं राहायला लागेल."

ते वाक्य लेकीच्या मनात रुतून बसलं. ही नोकरी टिकली तर स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप. नाही टिकली तर आईचा सोफा आणि आईचं भिंग.

भिंगबाई आधी कंपनी खरी आहे की नाही ते बघून आल्या. लेकीला न सांगता बसने गेल्या, समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभ्या राहिल्या, आत जाणाऱ्या बायकांचे कपडे बघितले आणि शेवटी पहारेकऱ्याला विचारलं, "इथे पगार वेळेवर देतात का हो?" पहारेकऱ्याने यांनाच विचारलं, "तुम्ही कोण?" त्यावर "मी कोण ते सोडा" म्हणून परत आल्या. इमारत खरी होती. पण इमारतीचं काय, ती कोणालाही भाड्याने मिळते.

इकडे लेकीने कागद घेऊन हिशोब मांडला होता. तीन खालचे: काळी पँट, राखाडी पँट, गडद निळा स्कर्ट. पाच वरचे: पांढरा शर्ट, फिकट निळा शर्ट, बारीक रेघांचा शर्ट, एक विटकरी टॉप, एक हिरवट टॉप. शिवाय एक काळं जाकीट. पाचांतला कोणताही वरचा तीनांतल्या कोणत्याही खालच्यावर चालला पाहिजे, ही अट. जो एकाच जोडीदाराबरोबर शोभतो, तो घ्यायचाच नाही, मग कितीही आवडो.

"म्हणजे पंधरा जोड झाले," लेक पलंगावर कागदाचे तुकडे लावत म्हणाली. "तीन आठवडे रोज वेगळं. वर जाकीट घातलं की अजून पंधरा."

"आठ कपड्यांचे पंधरा?" भिंगबाई म्हणाल्या. "काहीतरी घोळ आहे."

"गुणाकार आहे, आई."

"असेल. पण तिथल्या बायकांना गुणाकार येत नाही असं समजू नकोस. दुसऱ्या आठवड्यात ओळखतील, तीच पँट आहे म्हणून."

"ओळखू देत. स्वच्छ आणि इस्त्रीची असली की झालं."

कपडे एकेक करून येऊ लागले. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका तळघरात परदेशी जाणाऱ्या मालातला उरलेला माल मिळायचा, तिथून लेक शोधून आणायची. ढिगाऱ्यात तास तास हात घालून, खिडकीच्या उजेडात रंग ताडून बघून. ती खूश होऊन पिशवी उघडायची आणि भिंगबाईंच्या मनात पाल चुकचुकायची. एवढं स्वस्त कसं? कोणाच्या अंगावरचं तर नाही? आजारी माणसाचं? गेलेल्या माणसाचं? त्या काखेचा वास घ्यायच्या, चेन वीस वेळा वर खाली करायच्या, खिसे उलटे करायच्या. राखाडी पँटची शिवण एक सूत तिरकी निघाली. स्कर्टचं अस्तर आखूड निघालं. विटकरी टॉप पहिल्या धुण्यातच रंग सोडणार अशी भविष्यवाणी झाली, आणि बादलीतलं पाणी स्वच्छ निघालं तेव्हा "दुसऱ्या धुण्यात बघ" असं म्हणून झालं.  प्रत्येक वेळी पिशवी उघडताना लेकीचे हात जरा सावकाश चालायला लागले.

रविवारी, नोकरीच्या आदल्या दिवशी, शेवटचा कपडा आला: पांढरा शर्ट. साऱ्या योजनेचा खांब तोच. तिन्ही खालच्यांवर चालणारा, जाकिटाच्या आत शोभणारा, पहिल्या दिवशी घालायचा. त्याच्यासाठी लेक तीनदा तळघरात जाऊन रिकाम्या हाताने परतली होती. तो पलंगावर ठेवून ती बुटांची टाच बदलून घ्यायला चांभाराकडे गेली आणि भिंगबाईंनी दार लावून भिंग काढलं.

कॉलरवरचं लेबल कापलेलं. अपेक्षित. शर्ट उलटा केला. खालच्या कडेच्या आतल्या शिवणीवर, बोटभर जागेत, निळ्या पक्क्या शाईने लिहिलं होतं: १७ क.

भिंगबाई खाली बसल्या.

सतरा नंबर त्यांचाच. कारखान्यात नाकारलेला माल चांगल्यात मिसळू नये म्हणून आतल्या बाजूला तपासणाऱ्याचा नंबर आणि दोषाचं अक्षर लिहायची पद्धत होती. क म्हणजे काज. बटणाच्या भोकाचे टाके बिघडले की क. अक्षराचा तो वर ओढलेला फटकारा दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

आधी त्यांना विजयाचाच आनंद झाला. बघा, म्हटलं नव्हतं? नाकारलेला माल! त्यांनी शर्ट खिडकीशी नेला आणि काजं तपासायला घेतली. वरचं काज ठीक. दुसरं ठीक. तिसरं, चौथं. सातही काजं त्यांनी दोनदा बघितली, मग बाहीची दोन्ही. टाके दाट, सारखे, कडा दोन्ही बाजूंनी बांधलेल्या, एक धागा सुटलेला नाही. नंतर कोणी दुरुस्त केली असतील म्हणावं, तर काज एकदा कापलं की त्याची दुरुस्ती होत नाही, हे त्यांनीच नवीन मुलींना शिकवलं होतं. भिंग पुसलं. परत बघितलं. इतकी चांगली काजं त्यांनी नोकरीत फार थोडी बघितली होती.

अशी काजं करणारी एकच होती.

तिला सगळे काजवाली म्हणायचे. बारीक अंगाची, भराभर हात चालवणारी मुलगी. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी कोणीतरी व्यवस्थापकाच्या कानावर घातलं, की भिंगबाईंची नजर अधू झालीय. कोणी, ते कळलं नाही. पण त्याच दिवशी काजवाली व्यवस्थापकाच्या खोलीतून बाहेर पडताना दिसली. ती आत कशाला गेली होती ते भिंगबाईंनी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? त्यांना कळलंच होतं. पुढचे आठ दिवस तिच्या हातचं प्रत्येक काज त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासलं, आणि टाके त्यांना विरळ दिसले. मुद्दाम नाही हो. देवाशपथ विरळच दिसले. टोपली भरून क पडले.

टोपली व्यवस्थापकाच्या टेबलावर गेली. काजवालीने रडतच विचारलं होतं, "बाई, एकदा दाखवा तरी, कुठं चुकलंय माझं?" आणि भिंगबाई म्हणाल्या होत्या, "डोळे असतील तर दिसेल."

आता त्यांचे डोळे होते, भिंग होतं, खिडकीतलं ऊन होतं, आणि काही दिसत नव्हतं. नजर तेव्हा खरंच अधू होती, असं मानून सुटता आलं असतं. पण त्याच आठ दिवसांत बाकीच्या बायकांचा माल त्यांनी अचूक पारखला होता. एकही तुकडा परदेशातून परत आला नव्हता. नजर ठीक होती. बिघडलं होतं ते नजरेच्या मागे. भिंगबाईंना लाज वाटली. साधी, उघडी लाज. त्यांनी शर्टाची घडी घालून तो होता तिथे ठेवून दिला.

लेक आली. बूट ठेवले आणि नेहमीप्रमाणे निकालाची वाट बघत उभी राहिली.

"काय निघालं?" तिने शेवटी स्वतःच विचारलं.

"काही नाही. चांगला आहे."

"चांगला आहे म्हणजे?"

"म्हणजे चांगला आहे. शिवण चांगली, काजं चांगली."

 चौतीस वर्षांत आईच्या तोंडून कुठल्याही वस्तूबद्दल लेकीने हे ऐकलं नव्हतं. "आई, काय लपवतेयस?"

"अगं, लपवायचंय काय?"

"तू खोट काढली नाहीस म्हणजे काहीतरी भयंकर सापडलंय." तिने शर्ट उचलला, उजेडात धरला, वास घेतला, काखेची शिवण ताणली, बटणं ओढली. हुबेहूब भिंगबाई. त्यांना ते बघवेना. त्या आत निघून गेल्या, आणि त्यामुळे तर लेकीची खात्रीच पटली.

सोमवारी सकाळी लेक खोलीतून बाहेर आली ती काळी पँट, काळं जाकीट आणि आत जुन्या बॅगेतला विटका टॉप घालून. गळ्याशी तो पार ढिला झाला होता. चेहरा उतरलेला.

"हे काय घातलंस? पांढरा कुठंय?"

"नको. तिथे कोणाला काही दिसलं तर? तू सांगणार नाहीस, आणि मला सापडत नाहीये. दिवसभर मी तेच शोधत बसेन. त्यापेक्षा हा बरा. याचं काय वाईट आहे ते मला माहीत तरी आहे."

"त्यात काही नाहीये!"

"आई, उशीर होतोय."

बस चुकली तरी चालेल. भिंगबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. शर्ट आणला, उलटा करून तिच्यापुढे धरला आणि ती निळी अक्षरं दाखवली.

"सतरा म्हणजे मी. हा मी नाकारला होता. काजं वाईट आहेत म्हणून." त्यांनी एका काजावर बोट ठेवलं. "काजं वाईट नाहीत. तेव्हाही नव्हती. जिने केली, तिच्यावर माझा संशय होता. दुसऱ्याच गोष्टीवरून. म्हणून मला ती वाईट दिसली. माझी चूक होती."

'माझी चूक' हे दोन शब्द त्या घरात अगदी नवे होते.

"मग तिचं काय झालं?" लेकीने विचारलं.

"काढून टाकलं."

"आणि पुढे?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

लेक शर्ट घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा पांढरा शर्ट काळ्या जाकिटाच्या आत नीट बसला होता, वरचं बटण सोडून सगळी बटणं लावलेली. ती उंच दिसत होती. कोणत्याही कार्यालयात, कोणाच्याही समोर बसू शकेल अशी दिसत होती. भिंगबाईंना ते तिला सांगायचं होतं, पण सवय नसल्यामुळे शब्द जुळेनात.

लेकीने बूट चढवले, पिशवी खांद्याला लावली आणि दार उघडता उघडता, राग नाही, टोमणा नाही, खरीखुरी भीती वाटून ती म्हणाली, "आई, माझ्या त्या विभागप्रमुख बाई तुझ्यासारख्या नसल्या म्हणजे मिळवलं."

ती जिना उतरून गेली. भिंगबाई दाराची कडी धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि आपल्या लेकीसाठी तेच मागितलं.