सत्तरवरचा काटा

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी नको तिथे शहाणपणा केला आणि त्याची शिक्षा बारा वर्षं भोगली.

समुद्रपूरला सासऱ्यांचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं. ते मोडून किराणा टाकला, तेव्हा बाटल्यांचा काचेच्या दाराचा फ्रीज आमच्या बैठकीत आला. त्यात सिगारच्या दोन पेट्या होत्या. जहाजावर नोकरी करणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावानं त्या आणल्या होत्या आणि जाताना सांगितलं होतं, "दादा, सांभाळून ठेवजो. मी आलो का दोघं भाऊ बसून ओढू." सासऱ्यांनी जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती, पण भावाचा शब्द म्हणजे शब्द.

मेकॅनिककडून त्यांनी फ्रीजची थंडी कमी करून घेतली होती. अडचण ओलाव्याची होती. सिगार वाळू नयेत म्हणून भावानं दिलेल्या ओलावा मोजायच्या मीटरचा काटा सत्तरवर हवा होता आणि फ्रीज चालला की हवा कोरडी पडून काटा पन्नासाखाली यायचा. ते आत ओली फडकी टांगायचे, मग बुरशी धरायची. मी बी.एस्सी., बी.एड. झालेली. राहवलं नाही, म्हणाले, "बाबा, बशीत ओलं मीठ ठेवून पाहा. ते पाणी धरतं पण आणि सोडतं पण." दुसऱ्या दिवशी काटा सत्तरवर! सासरे गल्लीभर सांगत फिरले, "आमची सून सायन्सवाली हाय." त्यांना तो बारीक काटा दिसत नव्हता, सासूबाई तंबाखूला शिवत नव्हत्या, नवरा दिवसभर दुकानात. फ्रीज माझ्या गळ्यात पडला.

मग भारनियमन सुरू झालं. लाइन गेली की बशी बाहेर काढायची, नाहीतर आत घाम सुटतो. आली की परत आत ठेवायची, नाहीतर सिगार वाळतात. दिवसातून दोनदा, कधी चारदा. उन्हाळ्यात फ्रीजवर वरून ओलं पोतं. माहेर अल्लीपूरला, याच जिल्ह्यात, पण मुक्काम म्हणून कधी झाला नाही. आई विचारायची, "काऊन वं, तुले बांधून ठेवलं का?" मी हसण्यावारी न्यायचे. मनातून मला त्या फ्रीजचा संताप यायचा.

एकदा वर्ध्याच्या शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. सासऱ्यांनी आनंदानं हो म्हटलं. मुलाखतीच्या दिवशी ते आणि सासूबाई केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेले होते. मी साडी नेसून, कागदांची पिशवी घेऊन आठच्या एसटीला निघाले आणि लाइन गेली. भारनियमनाची वेळ नसताना गेली. मी बशी बाहेर काढली. आता लाइन आली तर आत कोण ठेवणार? दहा मिनिटं थांबू म्हटलं. एसटी गेली. पुढचीही गेली. लाइन आली तेव्हा साडेदहा वाजले होते. मला कुणी अडवलं नव्हतं, हेच आजही टोचतं.

संध्याकाळी सासरे आले. आल्याआल्या विचारलं, "काटा?" मी म्हटलं, "सत्तर." "शाबास," म्हणाले. मुलाखतीचं ते विसरूनच गेले होते आणि मीही आठवण करून दिली नाही.

जहाजावरचे काका दरवर्षी येतो म्हणायचे आणि राहून जायचं. शेवटी एका उन्हाळ्यात आले. सासऱ्यांनी नवा सदरा घातला, स्वतः पेटी काढून पुढे ठेवली. काका हसले. "दादा, तू अजून ठेवून राह्यला का हे? मी तं ओढणं कवाचंच सोडलं. देऊन टाक कोणाले."

सासऱ्यांनी पेटी जशीच्या तशी फ्रीजमध्ये ठेवली. काका गेल्यावर दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मला समोर बसवून म्हणाले, "सूनबाई, आता तू मोकळी झाली. एखाद्या शाळेचा फॉर्म भर."

"नोकरीच्या अटीतलं वय गेलं बाबा," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

त्यांना वर्ध्याचं ते पत्र आठवलं असावं, कारण त्यांचे डोळे भरले. तेवढ्यात लाइन गेली. फ्रीजची घरघर थांबली.

"राहू दे, बैस," सासरे म्हणाले.

तोवर बशी माझ्या हातात होती.