पापांगीकाराची चाल

चूक माझीच होती. उपासनेच्या आरंभी आमची मंडळी पुस्तकातून एकसुरात पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, वाचत आली होती. मंडळीतल्या तरुण रूथने त्याच शब्दांना ढोलकीवर चाल लावली, तेव्हा मी तिला सगळ्यांदेखत म्हणालो, "हे चर्च आहे, लग्नाचा मांडव नाही!" पाळकांनी मात्र चाल ठेवली.

आज मी रागाने ओठ मिटून उभा होतो. शेजारी शांताबाई होत्या. त्यांना वाचता येत नाही. इतकी वर्षं त्या मान खाली घालून ऐकत आणि शेवटी फक्त 'आमेन' म्हणत. आज त्यांनी मान वर केली आणि चिरक्या आवाजात त्या शब्द न् शब्द गाऊ लागल्या. तो आवाज असा चढत गेला की ढोलकीलाच त्याच्यामागे धावावं लागलं. सारं चर्च त्या आवाजाने भरून गेलं.

"भाऊ, रूथनं पाठ करून घेतलं माझ्याकडून," त्या हसत म्हणाल्या. "आता देवाशी माझं मीच बोलते."

खरी उपासना जुन्या रीतीत असते, असं मी मानत आलो. पण ते शब्द न अडखळता वाचताना माझं लक्ष कोण उशिरा आलं याकडे असायचं. शांताबाईंनी आज खरोखर कबुली दिली होती. मी ती कधीच दिली नव्हती.

उपासना संपताच मी उठलो आणि साऱ्या मंडळीसमोर म्हणालो, "रूथ, पोरी, माझं चुकलं. मला क्षमा कर."