रॉकेलच्या डब्याचं सील

दाजींच्या दहाव्याला घाटावर भाषणं झाली. तालुक्याच्या एका पुढाऱ्याने त्यांना ‘वाळवंट जिंकून आलेला सुपुत्र’ म्हटलं. दाजी कतारला ट्रेलर चालवत आणि आखडलेला उजवा हात घेऊन परत आले, एवढं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं असावं. दाजींनी काहीही जिंकलं नव्हतं, आणि त्या हाताच्या बाबतीत वाळवंटाचा काही दोष नव्हता. दोष कुणाचा, हे त्या गर्दीत मला पुरतं माहीत होतं. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे दाजींच्या बायकोला, अर्धंच.

ऐंशी सालाच्या पुढेमागे आम्ही दोघे दोह्यात एकाच वाहतूक कंपनीत होतो. दाजी ड्रायव्हर, मी ऑफिसात टायपिस्ट. गावी वर्षभर शाळेत शिकवलं होतं, म्हणून ते मला मास्तर म्हणत. कंपनीचे ट्रेलर सौदीत शिरून पाइपलाइनच्या कडेकडेने उत्तरेला जात आणि सौदीच्या उत्तर टोकाच्या तुरैफवरून जॉर्डनमधलं अम्मान गाठत. येताना संत्री आणत.

दोह्याचा हिवाळा म्हणजे एक स्वेटर. तुरैफकडे मात्र पहाटे पाणी गोठतं. आमच्याकडचं डिझेल उष्ण मुलखाचं. थंडीने त्यातलं मेण सुटतं, डिझेल आधी गढूळ होतं, मग तुपासारखं थिजतं. फिल्टर तुंबतो, इंजिन बंद पडतं. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, दाजींनी शिकवलं. ड्रायव्हर लोकांचा उपाय साधा होता. थंड मुलूख लागायच्या आधी, वाटेवरच्या हफर अल बातिन गावाला, भर दुपारी, डिझेल ऊबदार असताना टाकीत रॉकेल मिसळायचं. टाकीला गोणपाट बांधायचं. मुक्कामाला इंजिन चालूच ठेवायचं. यातला ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. मेण एकदा धरलं की वरून रॉकेल ओतून काही उपयोग होत नाही.

आमचे साहेब मुंबईचे इंजिनियर. इंग्लंडात सहा महिने राहून आले होते, आणि थंडीवर बोलण्याचा हक्क आपल्या एकट्याचा आहे असं त्यांना वाटे. जानेवारीत, दोह्याच्या ऑफिसात, गळ्याला मफलर गुंडाळून ते मला म्हणाले, “अहो, हे अरबस्तान आहे. इथे डिझेल गोठतं म्हणे! रॉकेल स्टोव्हला जातं या लोकांच्या.”

थोडं जात होतं, खरं आहे. रस्त्याच्या कडेला भात शिजवायला. साहेबांचा भात त्यांची बायको शिजवत असे. सौदीची सरहद्द त्यांनी नकाशाबाहेर कधी पाहिली असेल का, याची मला शंका आहे.

पण रॉकेल अगदीच बंद केलं आणि काही झालं तर आपल्यावर शेकेल, एवढी अक्कल त्यांना होती. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. प्रत्येक ट्रेलरला रॉकेलचा एक डबा, त्याला शिशाचं सील. डिझेल गोठल्यावरच सील तोडायचं, आणि तुटलेलं सील लेखी कारणासह ऑफिसात जमा करायचं. आधी तोडलेलं आढळलं, तर नोकरी खलास.

हे परिपत्रक मी टाइप केलं. नुसतं टाइप नाही. साहेबांचं इंग्रजी कच्चं, त्यामुळे मजकूरही माझाच. ‘तसा प्रसंग प्रत्यक्ष उद्भवल्यावरच’ अशा अर्थाचं एक वाक्य मी तीनदा घासूनपुसून लिहिलं आणि त्याच्यावर खूश झालो.

संध्याकाळी खोलीवर मी ते दाजींना मराठीत वाचून दाखवलं. ते कांदा चिरत होते.

“तुमी लिवलंय व्हय?”

“हो.”

“झ्याक लिवलंय. पर तुमच्या सायबाच्या घरी दह्याचं परत दूध करत्यात काय ओ?”

मी हसलो.

“हसू नका, मास्तर. आदी घालू द्या म्हणावं त्याला. आदी सील तोडलं तर नोकरी जाती, न्हाई तोडलं तर गाडी बंद पडती. मला दुसरं काय काम येतंय?”

“सांगतो उद्या.”

“नक्की?”

“दाजी, सांगतो म्हणालो ना.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलापाशी गेलो. ते परिपत्रकच वाचत होते. “छान ड्राफ्ट केलंय हो तुम्ही,” ते म्हणाले. मी ‘थँक यू, सर’ म्हणालो आणि माझ्या जागेवर येऊन बसलो.

तिसऱ्या आठवड्यात दाजींची गाडी तुरैफच्या अलीकडे बंद पडली. सकाळ होती. ऊन पडलं होतं, पण त्याला धग नव्हती, असं ते नंतर सांगत. नियमाप्रमाणे त्यांनी आता सील तोडलं आणि रॉकेल टाकीत ओतलं. बधिर बोटांनी ओतताना थोडं बाहीवर सांडलं. गाडी सुरू झाली नाही, होणारच नव्हती. मग त्यांनी ड्रायव्हर लोकांचा शेवटचा, वाईट उपाय केला. स्टोव्ह पेटवून फिल्टरखाली धरला. बाही पेटली.

हात राहिला, बोटं आखडली. ट्रेलरचं स्टीअरिंग पुन्हा त्यांच्या हाती आलं नाही.

घरी पाठवण्याआधी दाजी ऑफिसात आले, कोपरापर्यंत बँडेज बांधलेले. साहेबांनी तब्येतीची चौकशी केली. मग विचारलं, “सील कुठाय?”

दाजींनी डाव्या हाताने खिशातून सील काढून टेबलावर ठेवलं. हॉस्पिटलातही त्यांनी ते सांभाळलं होतं. साहेबांनी ते दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. “फाईलला लावा.” मी लावलं. कारणाच्या रकान्यात ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हेही मीच टाइप केलं.

साहेबांचा तिरस्कार करणं सोपं आहे. मी तो इतकी वर्षं मनापासून केला. पण त्यांना निदान खरोखर काही कळत नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर दाजी थांबले. “मास्तर, सांगितलं व्हतं न्हवं तुमी?”

“सांगितलं होतं. ऐकलं नाही.”

“माजुर्डा हाय त्यो,” दाजी म्हणाले, आणि चांगल्या हाताने माझ्या पाठीवर थोपटलं.

गावी आल्यावर दाजींनी हीच गोष्ट जन्मभर सांगितली. दर वेळी तिच्यात मी साहेबांशी जास्त भांडत असे. एकदा तर मी टेबलावर मूठ आपटली होती.

दहाव्याची माणसं पांगली. बहीण माझ्या शेजारी येऊन टेकली.

“तू सांगितलं व्हतंस रं,” ती म्हणाली. “त्या मेल्यानं तुझं ऐकलं असतं, तर हात धड ऱ्हायला असता त्यांचा.”

“चहा घेतलास का तू?” मी विचारलं.